हिमालयन ४११ चे शॉकअप बदलून हेम्माडगा-अनमोड: पैसे घालण्याआधी हे वाचा

फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या दोन नळ्यांत, २० वेटचं म्हणजे फार घट्ट तेल घालू नका. "घट्ट तेलाने झटका बसत नाही" असं कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी घालू नका. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून हेम्माडग्यामार्गे अनमोडला जाणाऱ्या रस्त्यावर मी फोर्कमध्ये हे तेल असताना गेलो, आणि चौथ्या दिवशीही सकाळी दाढी करताना माझी बोटं बधिर होती. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

माझी गाडी २०२१ ची रॉयल एनफील्डची मोटरसायकल, हिमालयन ४११. आता हे मॉडेल बनत नाही, २०२३ मध्ये ४५० आली. ४५० ला पुढे उलटा फोर्क आहे, त्यामुळे फोर्कबद्दल मी जे लिहिणार आहे ते त्या गाडीला लागू नाही. ४११ ला साधा ४१ मिलिमीटरचा फोर्क, पुढच्या चाकाला २०० मिलिमीटर प्रवास (म्हणजे चाक एवढं वर-खाली होऊ शकतं), मागे लिंकेजवरचा (जोडदांड्यांवर बसवलेला) एकच शॉकअप आणि १८० मिलिमीटर प्रवास. गाडीचं वजन १९९ किलो. माझं स्वतःचं ८४, वर जाकीट, बूट आणि २२ किलोचं सामान. एवढ्या भाराला मूळ स्प्रिंग मऊ पडते, म्हणून पुढे प्रोग्रेसिव्ह (भार वाढेल तशी कडक होत जाणारी) स्प्रिंग आणि मागे नवा शॉकअप बसवायचं ठरवलं. हा निर्णय चुकीचा नव्हता. चुकलं ते बसवणं.

काम बेळगावात केलं नाही. लांबच्या एका मोठ्या शहरातल्या दुकानात केलं, कारण त्यांचं नाव ऐकलं होतं. बिल झालं ५२,४०० रुपये. मागचा शॉकअप ३४,०००, पुढच्या स्प्रिंगा ७,८००, तेल २,७००, तेल अडवणारे ऑइल सील आणि धूळ अडवणारे डस्ट सील १,९००, मजुरी ६,०००. तेलाच्या रकमेकडे नीट बघा. ती तीन लिटरची आहे. फोर्कच्या दोन्ही नळ्यांत मिळून तीन लिटर तेल मावतच नाही. त्या वेळी मी नव्या शॉकअपच्या आनंदात होतो, बिल घडी करून खिशात घातलं. सीलची गोष्ट पुढे येईल.

पहिल्या दिवशी बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असं जाऊन परत आलो. सोबत मावसभाऊ, त्याची मोटरसायकल एक्सपल्स २००. जांबोटीच्या अलीकडेच मनगटात कळ यायला लागली. लहान, धारदार खड्ड्यावर हँडल असं आपटायचं की जणू पुढे शॉकअप नाहीच. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल. तेल रुळत नसतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं. कणकुंबीत मलप्रभेच्या उगमावर चहा घेतला, पाणी सुंदर होतं, दिवस छान गेला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

दुसरा दिवस मात्र सविस्तर सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. खानापुरात टाकी भरली, मणतुर्ग्याजवळ हलात्री नदीचा पूल ओलांडला. भर पावसाळ्यात हा पूल पाण्याखाली जातो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये या बाजूला फिरकू नका. शिरोलीपर्यंत रस्ता सहन होतो. त्यानंतर भीमगड अभयारण्याचं जंगल दाट होत जातं आणि डांबर विरळ. आम्ही गेलो तेव्हा हेम्माडग्याच्या आधीपासूनच डांबराचे फक्त तुकडे उरले होते. दोन तुकड्यांच्या मध्ये पावसाने खणलेले खड्डे, तळाला जांभ्याचे चिरे, कडेला लाल चिखल. एकटा खड्डा कोणतीही गाडी सोसते. इथे खड्ड्यांची माळ आहे. एकातून चाक वर येतंय तोवर पुढचा हजर.

या माळेवर माझी गाडी मागून खाली खाली बसत गेली. पहिले चार-पाच खड्डे ठीक, मग धक्का वाढत जायचा, आणि दहाव्या-बाराव्याला इंजिनाखालची पत्र्याची प्लेट दगडावर घासायची. वेग कमी केला तरी तेच. पुढचा फोर्क हात सुन्न करतोय, मागचा भाग जमिनीला टेकतोय, आणि हे सगळं ३४,००० रुपयांच्या शॉकअपवर. माझ्या शेजारून मावसभाऊ मूळ शॉकअपच्या एक्सपल्सवर उभा राहून निघून जात होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं.

हेम्माडग्यात थांबलो. चहाच्या टपरीवर एक टेम्पोवाले मामा बसले होते. ते गाडीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मागनं गाडी बसलीया की ओ तुमची. स्प्रिंग तर नवी दिसतीया, खरं वर येईना."

तेवढ्यात मावसभाऊ म्हणाला, "दादा, मी मागून बघत होतो. तुझं मागचं चाक खड्ड्यातून वर येतं आणि तिथेच राहतं. परत खाली उतरतच नाही."

दोघंही एकच सांगत होते, आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. मागच्या शॉकअपला खाली रिबाउंडची चकती असते. दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल, ते ती ठरवते. ती फार बंद केली तर स्प्रिंग सावकाश उघडते. चाक पूर्ण खाली उतरण्याआधीच पुढचा खड्डा येतो, त्यावर आणखी दबतं, मग आणखी. शेवटी १८० मिलिमीटरपैकी वापरायला काहीच उरत नाही. चकती फिरवताना प्रत्येक टप्प्याला 'क्लिक' होतं, ते मी चकती बंद करून मोजले. दुकानाने ती पूर्ण बंदपासून फक्त दोन क्लिक उघडी ठेवली होती! शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर अशी गाडी छान बसलेली वाटते, उसळत नाही, गिऱ्हाईक खूश होतं. खड्ड्यांच्या माळेवर तीच गाडी मरते.

तिथेच सहा क्लिक उघडली. क्लिक मोजायची पद्धत एकच आहे: आधी पूर्ण बंद करा, जोर न लावता, आणि तिथून उलट मोजा. अनमोडपर्यंतच्या उरलेल्या रस्त्यावर प्लेट एकदाही घासली नाही. फोर्कचं मात्र तिथे काही करता येण्यासारखं नव्हतं. ४११ च्या फोर्कला बाहेरून कोणतीच चकती नाही.

अनमोडला पोचेपर्यंत डाव्या नळीवर तेलाची रेघ उतरली होती. १,९०० रुपयांचे नवे सील, आणि पहिल्याच खऱ्या रस्त्यावर गळती.

परतीला रामनगर, लोंढा, खानापूर असा हायवे घेतला. तिसऱ्या दिवशी नंदगड, हलशी झालं. रस्ता चांगला, मंदिर बघण्यासारखं. मोटरसायकलचा विषय नाही, म्हणून सोडतो.

चौथ्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये फोर्क उघडला. ज्यांना गाडीवर खर्च करायचाय त्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. सील जुनेच होते, आतल्या कडा झिजलेले, बाहेरून पुसून परत बसवलेले. स्प्रिंगच्या वर प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घालून ती आणखी दाबून ठेवली होती. आणि तेल २० वेटचं, मधासारखं घट्ट.

या फोर्कमध्ये तेल एका नळीच्या ठरावीक भोकांतून जातं. भोक लहान-मोठं होत नाही. सावकाश दबताना तेल आरामात जातं. धारदार कडेवर चाक झटक्यात वर येतं तेव्हा त्याच भोकातून तेल वेळेत निघत नाही आणि फोर्क क्षणभर अडकतो. तेल जितकं घट्ट तितका हा अडथळा मोठा. म्हणजे "घट्ट तेलाने झटका बसत नाही" हे बरोबर उलटं आहे. झटका तेलच देतं. नळीला मी प्लास्टिकची बारीक पट्टी बांधून ठेवली होती, फोर्क किती दबला ते कळावं म्हणून. हेम्माडग्याचा सगळा रस्ता मारून ती १३० मिलिमीटरवर थांबली होती. २०० पैकी ७० मिलिमीटर मी पैसे मोजून वाया घालवले, आणि त्यांच्या वाटचा मार मनगटांनी खाल्ला.

दुसरी चूक त्या पाइपच्या तुकड्याची. स्प्रिंग आधीच दाबून ठेवली म्हणजे ती कडक होते, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. तो चूक आहे. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त उंच उभी राहते. उंच उभ्या गाडीचं चाक खड्ड्यात खाली उतरू शकत नाही, कारण खाली जायला जागाच नसते. मग खड्ड्यात चाकाऐवजी गाडी पडते. आपल्या भागातल्या रस्त्यांवर चाक वर जाण्याइतकंच खाली जाणंही महत्त्वाचं आहे.

यासाठी सॅग मोजा, म्हणजे तुमच्या भाराने गाडी किती खाली बसते ते. दुकानदार मोजत नसेल तर तिथून उठा. मला कोणी एकदाही सामानासकट गाडीवर बसवून मोजलं नव्हतं. चाक हवेत असताना एक्सलपासून वरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत टेपने माप घ्या. मग पूर्ण कपड्यांत, सामानासकट, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने तेच माप परत घ्यायचं. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग. तो एकूण प्रवासाच्या पाव ते तिसरा हिस्सा हवा. ४११ ला पुढे साधारण ५० ते ६५ मिलिमीटर, मागे ४५ ते ६०. माझा पुढे निघाला २८, मागे ३०.

उद्यमबागेत लेथवर पाइपचा तुकडा कापून लहान केला. तेल १० वेटचं भरलं. फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर काढून, वरून तेलापर्यंतची पोकळी दोन्ही नळ्यांत पट्टीने सारखी मोजून घेतली. बाटलीवरच्या मिलिलिटरवर विसंबू नका. जुनं तेल नळीत चिकटून राहतं आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळं उरतं. नवे सील माझ्या डोळ्यांसमोर बसले. मागची स्प्रिंग हूक स्पॅनरने सैल केली. आता पुढे ५६, मागे ५२. सील, एक लिटर तेल, लेथ आणि मजुरी धरून ३,१०० रुपये झाले. ५२,४०० च्या कामात जे झालं नाही ते एवढ्यात झालं.

पुढच्याच रविवारी परत हेम्माडगा. तोच रस्ता, तेच खड्डे, सामान तेवढंच. काय सांगू! गाडी उडत नव्हती, आपटत नव्हती, चाकं रस्ता वाचत चालली होती आणि मी वर निवांत उभा होतो. पट्टी १८२ वर गेली, म्हणजे फोर्क जवळजवळ पूर्ण वापरला गेला आणि एकदाही तळाला ठोकला नाही. मामा भेटले होते ती टपरी लागली तेव्हा हात मोकळे होते. अनमोडला पोचून मी परत उलटा हेम्माडग्याला आलो, केवळ आनंदासाठी. तुमचं वजन ७० च्या आत असेल आणि सामान नसेल तर मात्र स्प्रिंगांवर पैसा घालू नका. मूळ स्प्रिंग, १० वेटचं ताजं तेल आणि नीट मोजलेला सॅग, बस.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. खानापुरातच पेट्रोल भरा. जंगलात मोबाइलची रेंज धरून चालू नका. सकाळी लवकर निघा आणि अंधाराआधी हायवेला लागा, संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. खडीवर मागचं एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करा, २०२० नंतरच्या ४११ ला बटण आहे. टायरची हवा चार-पाच पीएसआयने कमी केली तर फरक पडतो, पण या गाडीला ट्यूब आहे. फार कमी केलीत तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटली जाते. जादा ट्यूब आणि लिव्हर घेऊनच जा.

मागचा शॉकअप मूळपेक्षा लांब असेल तर साइड स्टँड आखूड पडत नाही ना ते सपाट जमिनीवर तपासा. माझी गाडी अजून डावीकडे फारच झुकते. स्टँडखाली घालायला लाकडाची चकती घेऊन फिरतोय, आणि या आठवड्यात लेथवाल्याकडे स्टँडच्या पायाला १५ मिलिमीटरचा तुकडा जोडून घ्यायचाय.