ईएससीचा लाल दिवा: चोर ऍक्सलच्या नळीत

सापडला एकदाचा! मागच्या अपडेटमध्ये मी वैतागून लिहिलं होतं की गाडीमागे ओढायची आमची कॅराव्हॅन (पुढे नुसतं 'व्हॅन') चांगल्या रस्त्यावर नीट चालते आणि खडबडीत पट्टा आला की ईएससीचा (व्हॅन हेलकावायला लागली की आपोआप तिचे ब्रेक लावणाऱ्या पेटीचा) दिवा लाल होतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम्पियन्स डोंगरांकडे जाताना बॅलरॅटपर्यंत हिरवागार, अरारातच्या पुढे लाल. थांबून गाडी आणि व्हॅन जोडणारा प्लग काढून परत लावला की पुन्हा हिरवा, जणू काही झालंच नाही. डीलरचं उत्तर ठरलेलं: "ईएससीची पेटीच बदला." पेटी उघडूनसुद्धा न बघता!

तेव्हा वायर बदलायचं ठरलं होतं, ते आधी सांगतो. दुकानात '४ एमएम' म्हणून जी ऑटो केबल मिळते, तिचे ते चार मिलिमीटर म्हणजे वरच्या प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास. आतलं तांबं जेमतेम १.८४ चौरस मिलिमीटर. माझ्या व्हॅनमध्ये ए-फ्रेमपासून (व्हॅनचा पुढचा, गाडीला जोडायचा त्रिकोणी सांगाडा) चाकांपर्यंत, सुमारे दहा मीटर, हीच निळी वायर होती. चार मॅग्नेट (प्रत्येक चाकाच्या ड्रममधलं, वीज मिळाली की ब्रेक लावणारं विद्युतचुंबक) प्रत्येकी साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढणार. मग जाता-येता मिळून दोन व्होल्टच्या वर वाटेतच गळतात. प्लगवर १२.३ व्होल्ट, मागच्या मॅग्नेटवर ९.६! '६ एमएम' टाकली (तांबं साधारण ४.६ चौरस मिलिमीटर), अर्थची वायरही तेवढीच जाड घेतली, आणि आता मागे ११.४ मिळतात. ब्रेक दाबल्यावर व्हॅन मागून धरते हे आता सीटवर बसल्या बसल्या कळतं. कंट्रोलरचा (गाडीतून व्हॅनच्या ब्रेकना वीज देणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, दोन घरं खाली आणावा लागला, आणि त्याचा मला जरा जास्तच आनंद झाला आहे.

एक सूचना, कारण याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं: हे मोजमाप मॅग्नेट जोडलेले असताना आणि गाडीत कुणीतरी कंट्रोलरचं बटण पूर्ण दाबून धरलेलं असतानाच करा. उघड्या वायरवर मीटर बारा व्होल्ट दाखवणारच, त्यात काही राम नाही. माझ्याकडे ते काम मुलीने केलं, कानात इयरफोन घालून, "बाबा, झालं का?" दर अर्ध्या मिनिटाला.

एवढं करूनही लाल दिवा गेला नाही. इथे मी पेटीची ऑर्डर देण्याच्या बेतात होतो. पण म्हटलं, आधी ओहम मोजू. ईएससीतून चाकांकडे जाणारी वायर सोडवली आणि तिथून अर्थपर्यंत मोजलं. माझा एकेक मॅग्नेट ३.३ ओहमचा. चार समांतर, म्हणजे ०.८ च्या आसपास यायला हवं. (प्रोब एकमेकांना टेकवून येणारे पॉइंट दोन-तीन आधी वजा करा, एवढ्या लहान आकड्यात तेच घात करतात.) मीटरवर आला १.१. आता ३.३ भागिले तीन किती होतात ते तुम्हीच करा. एक मॅग्नेट हजेरीपटावरून गायब!

चेसिसला जॅक लावला, खाली स्टँड दिले (ऍक्सलखाली जॅक लावू नका, मंडळी), आणि एकेक चाक फिरवत कंट्रोलर दाबायला सांगितला. तीन चाकं जागच्या जागी थांबली. मागचं उजवं मजेत फिरत राहिलं. ड्रम काढला तर मॅग्नेट ठणठणीत, ३.३ ओहम, अंगाला कुठे शॉर्टही नाही. म्हणजे मॅग्नेटपर्यंत वीजच पोचत नव्हती.

आमच्या व्हॅनला दोन सरळ बीम ऍक्सल (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या पोकळ नळ्या) आहेत आणि डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे जाणारी जोडवायर त्या ऍक्सलच्या पोकळीतूनच ओवलेली असते. मागच्या ऍक्सलमधली ती वायर मी मीटरकडे बघत हळूच ओढली: १.१, ०.८, १.१, आणि मग एकदम ०.१. शॉर्ट! तिथेच ओरडलो. वायर बाहेर काढली. मधोमध बोटभर लांबीचं प्लास्टिक घासून पूर्ण गेलेलं, त्यावर गंजाची लालसर भुकटी, तारांपैकी निम्म्या तुटून कुसळासारख्या उभ्या, उरलेल्या तांब्याला लख्ख झळाळी. वायर नळीत सैल, धक्का बसला की आपटते. कधी तारा सुटतात, तेव्हा एक ब्रेक कमी. कधी तांबं नळीला टेकतं, तेव्हा थेट शॉर्ट, आणि चारही मॅग्नेटना एकाच वायरने वीज येत असल्यामुळे त्या क्षणी सगळ्याच चाकांचा ब्रेक जातो. ईएससीची पेटी बिचारी तेच ओरडून सांगत होती. माझी व्हॅन २,६०० किलो एटीएमची (सामानासकट व्हॅनचं कमाल एकूण वजन). जीटीएम, म्हणजे गाडीला जोडलेली असताना व्हॅनच्या चाकांवर येणारं वजन, २,००० किलोच्या वर असेल तर सगळ्या चाकांना ब्रेक सक्तीचे आहेत, आणि मी किती काळ तीनवर फिरत होतो कोण जाणे.

बेत असा होता की नवी वायर जाड स्लीव्हमध्ये घालून पुन्हा नळीतूनच ओवायची. हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? आत काय चाललंय ते परत कधी दिसणार नाही. त्यापेक्षा ऍक्सलच्या मागच्या बाजूने स्प्लिट कॉन्ड्युइट (लांबीने चिरलेली प्लास्टिकची नळी), वर रबरी पी-क्लिप (नळी पकडून बोल्टने बसवायचे चाप). आणि जोडवायरच नको. प्रत्येक चाकाची स्वतंत्र जोडी चेसिसवरच्या वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्सपर्यंत आणायची, लेबल लावून. पुढच्या वेळी झाकण उघडलं की चार मॅग्नेट चार जागी मोजता येतील, व्हॅनखाली लोळायची गरज नाही. वायर थोडी जास्त लागेल, लागू दे.

जोडांबद्दल: त्या निळ्या प्लास्टिकच्या क्रिम्प कनेक्टरवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. उघडले ते सगळे आतून हिरवे पडलेले. मी आता साधा बट क्रिम्प (दोन वायरींची टोकं आत घालून दाबायची धातूची नळी), चांगल्या रॅचेट पक्कडीने दाबून, वर गोंदवाली हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) वापरतो. डाग देणाऱ्यांशी (सोल्डर करणाऱ्यांशी) मला वाद घालायचा नाही, पण डागाच्या कडेला वायर कडक होते आणि सतत हादरे बसले की तिथेच तुटते. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) घेणार असाल तर डीसी करंट मोजणाराच घ्या. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी दाखवतात आणि व्हॅनवर ते निरुपयोगी.

तात्पुरती वायर बाहेरून बांधून ब्रेकअवे (व्हॅन गाडीपासून सुटली की स्वतःच ब्रेक लावणारी यंत्रणा) तपासला: गाडीचा प्लग काढला, पिन खेचली, चारही चाकं गच्च. नियमाप्रमाणे किमान पंधरा मिनिटं धरायला हवीत, ती धरली. ईएससी सुरू केल्यावर हिरवा.

जंक्शन बॉक्स आणि पी-क्लिप यायच्या आहेत. पुढच्या ऍक्सलमध्येही तशीच जोडवायर आहे, तीसुद्धा याच फेरीत बाहेर काढतो. कुणी बीम ऍक्सलवर बाहेरून वायरिंग केलं असेल तर क्लिप कुठे बसवल्या त्याचे फोटो टाका. शॉक ऍब्जॉर्बरच्या खालच्या बोल्टाशी जागा फार कमी आहे.