आजोबांच्या बॅटऱ्या आणि एक ‘की’

आमच्या वॉर्डात सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेसातला हँडओव्हर होतो. बारा तास पेशंट सांभाळलेली नर्स पुढचीला सगळं सांगते आणि घरी जाते. मी मिरजेहून उत्तर इंग्लंडात आले त्याला आता दीड वर्ष झालं. पहिल्या तीन महिन्यांत एका हँडओव्हरला मी एक वाक्य चुकीचं बोलले आणि त्यापायी एक आजोबा तीन दिवस काही न ऐकता पडून राहिले. इकडे येऊ घातलेल्या मुली मला इंग्रजीबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आजोबा नव्वदीच्या घरातले. दोन्ही कानांना मशीन. शुक्रवारी दुपारी मशीनच्या बॅटऱ्या संपल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, घरी आहेत, मी रविवारी घेऊन येते. संध्याकाळी मी हँडओव्हरला म्हणाले, “डॉटर सेड दॅट आय विल ब्रिंग द बॅटरीज ऑन संडे.”

मराठीत हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. ‘मुलगी म्हणाली की मी रविवारी बॅटऱ्या आणते.’ आपला ‘की’ पुढच्या माणसाचे शब्द जसेच्या तसे आणून ठेवतो. त्यातला ‘मी’ तिचा, ‘आणते’ तिचं. माझी आई फोनवर सांगते, “मामा म्हणाला की मी दिवाळीला येतो,” तेव्हा येणार कोण याचा मला क्षणभरही घोळ होत नाही. ‘येतो’ म्हटल्यावर ती आई नव्हेच. आपलं क्रियापद बाई की पुरुष तेही सांगून टाकतं. इंग्रजीतल्या ‘आय विल ब्रिंग’मध्ये यातलं काही नाही. तिथे ‘दॅट’ आला की वाक्य बोलणाऱ्याचं होतं. त्याच्या पुढचा ‘आय’ म्हणजे मी, तिथे उभी असलेली नर्स.

रात्रीच्या नर्सने तेच ऐकलं: ही नर्स बॅटऱ्या आणणार आहे. आमच्या हॉस्पिटलात त्या ऑडिऑलॉजीत, म्हणजे ऐकू येण्याच्या तपासणी विभागात, मोफत मिळतात, त्यामुळे तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिने तसं लिहून ठेवलं. शनिवारी मुलीने फोन करून विचारलं, अजून हव्यात का? तिला सांगितलं गेलं की नको, आमची नर्स आणतेय. शनिवार-रविवार माझी सुट्टी. रविवारी मुलगी रिकाम्या हाताने आली आणि दोन तास वडिलांच्या उशाशी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून बोलत बसली.

सोमवारी सकाळी ते पान मी पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, मांजर बरं आहे.

इकडे यायला जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते त्या आयईएलटीएसला मला लिखाणात 7 मिळाले होते. एनएमसीला, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलला, तिथे 6.5 पुरतात. डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच तर शाळेपासून घोटलेलं. अवतरणचिन्हं काढा, ‘दॅट’ घाला, ‘आय’चं ‘ही’ किंवा ‘शी’ करा, ‘विल’चं ‘वुड’ करा. पेपरात मी ते कधी चुकले नसते. पण बारा तासांच्या ड्युटीनंतर पेपरातलं येत नाही, आईचं येतं.

वॉर्डात तीस वर्षं काढलेल्या एका बाईंनी मला चहाच्या सुट्टीत बसवून हे बोलायला शिकवलं. त्यांना व्याकरणाची नावं ठाऊक नव्हती. त्या एवढंच म्हणायच्या: तोंड उघडण्याआधी, ते करणार कोण, त्या माणसाकडे मनात बोट दाखव. मुलगी? मग ‘शी’. ‘शी सेड शीऽल ब्रिंग देम संडे.’ बोलताना त्या ‘दॅट’ खाऊन टाकत आणि ‘वुड’चाही आग्रह धरत नसत. रविवार अजून यायचाय, तर ‘विल’ चालतं. ‘सेड’, ‘थिंक’, ‘नो’ यांच्यानंतरचा ‘दॅट’ रोजच्या बोलण्यात गळतो. ‘एक्स्प्लेन्ड’ किंवा ‘कन्फर्म्ड’ असलं की मात्र बहुतेक जण तो ठेवतात, आणि नोंदीत मी तो नेहमी ठेवते.

बाकीच्या चुका लवकर सुटल्या. ‘सेड मी’ होतं कारण आपण ‘मला म्हणाला’ म्हणतो. ‘टेल’ला माणूस लगेच लागतो, ‘टोल्ड मी दॅट’. ‘से’ला तो चालत नाही, आणलाच तर मध्ये ‘टू’ हवा. ‘एक्स्प्लेन’चंही तसंच, ‘एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’. ‘सजेस्टेड मी टू स्टॉप’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. इथे ‘सजेस्टेड दॅट आय स्टॉप’.

क्रियापद निवडायला मात्र मला अजूनही थांबावं लागतं. हँडओव्हरला आम्ही एसबीएआर वापरतो. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलेली पद्धत: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपलं मत, पुढे काय करावं. चार कप्पे चांगलेच आहेत. पण हे कोण म्हणालं आणि कसं म्हणालं याला त्यात वेगळा कप्पा नाही. ते सगळं त्या एका क्रियापदावर येतं. पेशंट म्हणाला छातीत दुखत नाही, तर नोंदीत ‘डिनाइज चेस्ट पेन’ लिहायची जुनी रीत आहे. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘नाही म्हणाला’ एवढाच. पण पेशंटने स्वतःची फाइल वाचली तर त्याला वाटेल, माझ्यावर आरोप होता आणि मी तो नाकारला. ‘क्लेम्स दॅट शी इज इन पेन’ त्याहून वाईट. त्यात त्या पेशंटवर माझा विश्वास नाही हे मीच लिहून मोकळी झाले. ‘ॲडमिट्स दॅट ही ड्रिंक्स’ म्हणजे कबुलीजबाब. मी ‘सेज दॅट’ किंवा ‘रिपोर्ट्स दॅट’ लिहिते. दुखणाऱ्या माणसाने सांगितलं तेवढंच माझ्या हाताने कागदावर जावं असं मला फार वाटतं. मराठीत मी ‘म्हणाले’ आणि ‘सांगितलं’ या दोनांवर सगळा संसार केला होता, निवडायची वेळच कधी आली नव्हती.

त्या सोमवारी मी आधी रात्रीच्या नर्सला आणि मग मुलीला फोन करून चूक माझी होती हे सांगितलं. मुलीला मराठीतला ‘की’ समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, बाबा उठलेत का?

ऑडिऑलॉजीतून नारिंगी स्टिकरची 13 नंबरची पाकिटं घेऊन आले. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबावं लागतं, बॅटरीत हवा शिरते तेव्हा ती चालू होते. आजोबा माझ्या तळहातावरच्या त्या दोन टिकल्यांकडे बघत होते. मशीन कानात बसवलं, बारीक शिटी वाजली, मग थांबली. बाहेर पाऊस होता. त्यांनी खिडकीकडे मान वळवली आणि मला एक वाक्य सांगितलं.

नोंदीत मी लिहिलं: ‘पेशंट सेज दॅट ही कॅन हिअर द रेन.’