मिसाइलच्या पार्टची ऑर्डर घ्यायची का, हे मालकांनी आम्हाला विचारलं तो दिवस

आमची कंपनी जपानमध्ये आइची प्रांतात, तोयोहाशीच्या जवळ. छोटंसं मशीन शॉप आहे, सीएनसी लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, आणि मी क्वालिटीला. वर्षानुवर्षं काम एकच, गाड्यांच्या इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे बारके टर्निंगचे पार्ट. इलेक्ट्रिक गाड्या यायला लागल्यापासून ते काम कमी होत चाललंय हे सगळ्यांना दिसत होतं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये एक नवीन एन्क्वायरी आली. ड्रॉइंगवर नुसता पार्ट नंबर, मटेरियल स्टेनलेस, बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, टॉलरन्स (मापातली सूट) फक्त पाच मायक्रॉन, पार्ट कशात बसणार याबद्दल एक अक्षर नाही. पण शाचोंनी, म्हणजे मालकांनी, सकाळच्या मीटिंगला स्पष्ट सांगून टाकलं की हा पार्ट मिसाइलचा आहे, आपल्या वर मधे अजून दोन कंपन्या आहेत आणि शेवटी माल संरक्षण मंत्रालयाला जातो. दुपारी जेवण झाल्यावर कँटीनमध्येच थांबा, प्रत्येकानं आपलं मत सांगायचं, मग ठरवू.

मी खडकीची. बाबा ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले. सकाळी भोंग्याच्या वेळेला आमच्या गल्लीतून सायकलींची रांग निघायची, दसऱ्याला मशीनला हार आणि झेंडूची तोरणं, आणि कुणाचा पोरगा लागला की पेढे वाटले जायचे. काडतुसं बनवायची नोकरी आहे म्हणून कुणाला वाईट वाटावं हे आमच्या डोक्यातही आलं नाही कधी. त्यामुळे सकाळी ते ऐकून आमची माणसं एकमेकांकडे न बघता आपापल्या मशीनवर गेली, ते मला फार जाणवलं.

इथला इतिहासच तसा आहे. 1947 च्या राज्यघटनेचं कलम 9 सांगतं की जपान युद्धाचा हक्क कायमचा सोडतोय आणि भूदल, नौदल, हवाई दल ठेवणार नाही. प्रत्यक्षात 1954 पासून स्वसंरक्षण दल आहे, रणगाडे, विनाशिका, लढाऊ विमानं सगळं आहे. 1976 ला संरक्षण खर्चावर जीएनपीच्या, म्हणजे एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या, 1 टक्क्याची मर्यादा घातली, नंतर ती कागदावरून गेली तरी खर्च बरीच वर्षं त्याच आसपास राहिला. मग डिसेंबर 2022 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांच्या सरकारनं ठरवलं की पाच वर्षांत 43 लाख कोटी येन, 2027 पर्यंत जीडीपीच्या 2 टक्के, आणि शत्रूच्या तळापर्यंत पोचतील अशी लांब पल्ल्याची मिसाइलं. आमच्याकडे आलेलं ड्रॉइंग हे त्याच निर्णयाचं टोक.

दुपारी नमुन्याचा एक पार्ट हातोहात फिरला. आमचे सगळ्यात जुने लेथ ऑपरेटर, रिटायर होऊन परत कामावर घेतलेले, त्यांनी तो घेतला, चष्मा वर केला, आतल्या खाचेच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, आत बर, म्हणजे कापताना उरलेली बारीक धार, राहिलीय, आपण याच्यापेक्षा चांगला करू. सगळ्यांना वाटलं झालं, हे तयार आहेत. त्यांनी पार्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, पण मी करणार नाही.

मग त्यांनी आईचं सांगितलं. तोयोकावा आमच्या इथून जवळच. तिथं नौदलाचा अवाढव्य शस्त्रकारखाना होता, मशीनगन आणि काडतुसं बनायची, आणि माणसं पुरेनात म्हणून शाळेतली पोरंपोरी कामाला जुंपलेली. 7 ऑगस्ट 1945, हिरोशिमाच्या दुसऱ्या दिवशी, बी-29 विमानांनी अर्ध्या तासाच्या आत तो कारखाना जमीनदोस्त केला. अडीच हजाराच्या वर माणसं गेली, त्यात शाळकरी शेकड्यांनी. त्यांची आई तेव्हा चौदा वर्षांची, काडतुसं तपासायच्या टेबलावर, म्हणजे मी जे करते तेच काम. ती वाचली, शेजारी बसणारी मैत्रीण गेली. ते म्हणाले, आईला कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही मला विचारताय म्हणून सांगतो, मला नको.

त्यांच्यानंतर बोलायला कोण उठणार, पण एक तरुण मुलगा उठला. तो ईशान्य जपानमधल्या इशिनोमाकीचा, 2011 च्या त्सुनामीत शाळेत होता. स्वसंरक्षण दलाचे एक लाख लोक तेव्हा मदतीला उतरले होते. त्यानं सांगितलं, जवानांनी आम्हाला गरम जेवण दिलं आणि स्वतः डब्यातलं थंड खाल्लं, आमच्यासाठी तंबूत आंघोळीची सोय केली. ती माणसं चांगल्या हत्यारांशिवाय बेटांवर उभी राहावीत असं मला वाटत नाही, मी करतो हा पार्ट.

माझी पाळी आली तेव्हा मी हो म्हणाले, आणि आजही माझं मत तेच आहे. ऑगस्ट 2022 मध्ये चीनची पाच मिसाइलं जपानच्या समुद्रातल्या आर्थिक क्षेत्रात येऊन पडली, ऑक्टोबरमध्ये उत्तर कोरियाचं मिसाइल उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या डोक्यावरून गेलं. जपानच्या योनागुनी बेटापासून तैवान 110 किलोमीटर, मुंबई-पुण्यापेक्षा जवळ. अशा शेजारात नुसत्या कलमावर विसंबून राहा म्हणणं मला जमत नाही, अमेरिका कायम धावून येईल याची खात्री तर आता कुणीच देत नाही. पण त्या कँटीनमध्ये बसल्यावर एक गोष्ट मला फार लागली. आमच्या मालकांनी एका पार्टसाठी प्रत्येकाला विचारलं, आणि देशानं एवढं मोठं वळण घेतलं ते लोकांना थेट न विचारता. 2014 च्या जुलैमध्ये मंत्रिमंडळानं नुसता अर्थ बदलला की मित्रदेशासाठीही लढता येईल, 2022 चा निर्णयही मंत्रिमंडळाचाच. घटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग सार्वमत लागतं, सार्वमताचा कायदा 2007 पासून तयार आहे, सार्वमत एकदाही झालेलं नाही. सैन्य उभं करायचंच आहे तर त्या आईच्या पिढीची जी थोडी माणसं उरलीत ती असेपर्यंत त्यांच्यासमोर विचारा ना, आणि उत्तर ‘नाही’ असं आलं तर ते ऐका. मला इथं मतदानाचा हक्क नाही, पण हे मी त्या दिवशी तिथंच उभं राहून बोलले, मोडक्यातोडक्या जपानीत, आणि शाचोंनी मान हलवली.

ऑर्डर घेतली आम्ही. बहुतेक लोक हो म्हणाले, काही गप्प राहिले, दोघातिघांनी नाही सांगितलं आणि त्यांना हे काम द्यायचं नाही असं तिथल्या तिथं ठरलं. पुढं त्या तरुणाला आतली खाच जमेना, टूल थरथरायचं, मी लॉट मागून लॉट परत पाठवत होते. शेवटी तो त्या जुन्या लेथ ऑपरेटरांकडेच गेला. त्यांनी त्याला आपल्या मशीनवर, गाडीच्या पार्टवर, फीड किती ठेवायचा आणि टूल किती बाहेर काढायचं ते संध्याकाळी थांबून शिकवलं. मिसाइलचा पार्ट नंबर मात्र त्यांच्या मशीनच्या शेड्यूलवर आजपर्यंत लागलेला नाही.