केसांच्या रंगाची ॲलर्जी आणि त्या डब्याचा फोटो

गौरी-गणपतीच्या तोंडावर चिपळूणच्या एका पार्लरमध्ये केस रंगवून गुहागरला घरी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानांमागे खाज सुटली. रात्रीत कपाळ सुजलं, सकाळी डोळे उघडेनात आणि टाळूतून पाणी झिरपायला लागलं. सासूबाई टाचांच्या भेगांना लावायचं कोकमतेल पातळ करून धावत आल्या. पण डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, वर काहीही लावू नका, उरलेला रंग सौम्य शाम्पूने आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा आणि लगेच निघा.

चिपळूणला त्वचारोगतज्ज्ञांनी आधी विचारलं, श्वास लागतोय का, जीभ सुजलीय का? तसं असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. मला तसं काही नव्हतं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, जोडीला गार पाण्याच्या पट्ट्या. मग पुढचा प्रश्न आला, रंग कुठला होता?

इथे खरी लढाई सुरू झाली. पार्लरमधून एकच उत्तर, "अहो ताई, अमोनिया-फ्री होता, त्याने काही होत नाही." अमोनिया फक्त रंग आत शिरावा म्हणून केस फुलवतो. ॲलर्जी बहुतेकदा येते ती पॅराफेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडीची, आणि ते अमोनिया-फ्री रंगातही असू शकतं. शेवटी यजमान जाऊन पार्लरमध्ये बसले, तेव्हा डब्याचा फोटो मिळाला. बारीक अक्षरांत पीपीडी होतंच, शिवाय 'आधी चाचणी घ्या' ही सूचनाही होती. ती कुणी वाचली नव्हती, मला सांगितलीही नव्हती. याचा राग मला अजून आहे.

इतकी वर्षं रंग लावतेय, मग आत्ताच कसं? डॉक्टर म्हणाले, ही ॲलर्जी अशीच असते, शरीर त्या द्रव्याला ओळखायला लागलं की एखाद्या वेळी उसळतं, आणि नंतर बहुधा जन्मभर राहते.

खात्रीसाठी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्यं पट्ट्यांवर लावून त्या पाठीवर चिकटवून बघायची चाचणी, हवी होती. पण स्टेरॉइडच्या गोळ्या बंद होऊन काही काळ जावा लागतो, आणि आपल्याकडच्या घामात पाठीवरच्या पट्ट्या टिकत नाहीत. म्हणून थंडीत कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरला बहिणीकडे मुक्कामाला गेले. पट्ट्या 48 तास पाठीवर, तोवर पाठ भिजवायची नाही. काढल्यावर एकदा बघतात आणि पुन्हा दोन दिवसांनी. पीपीडीच्या जागी लालभडक पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी पीपीडीचं नाव लिहून कार्ड दिलं. भूल देण्याची काही औषधं आणि सल्फाच्या गोळ्याही पीपीडीशी जुळतात, त्यांनीही ॲलर्जी उसळू शकते, त्यामुळे दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवायचं.

दरम्यान 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर विचारलं होतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. फोटो, बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या जोडून पार्लरला पत्र दिलं, तेव्हा मालकीणबाईंनी उपचारांचा खर्च दिला. रंगाआधी 48 तास कानामागे चाचणी घेऊ, हे मात्र मी त्यांच्याकडून लिहून घेतलं.

मे महिन्यात भाचीच्या लग्नात मेंदीवाली काळ्या मेंदीचे कोन घेऊन आली. पानांची मेंदी केशरी-तपकिरी रंगते, अशी काळीकुट्ट नाही. काळ्या कोनात बऱ्याचदा हेच पीपीडी असतं. मी तिला कार्ड दाखवलं, पाठीवरच्या पुरळाचा फोटोही दाखवला. तिने कोन बाजूला ठेवले आणि नवरीसाठी घरी भिजवलेली मेंदी घेतली.