ईयोबाला दुप्पट मिळालं, मग तक्रार कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर वेळी हाच प्रश्न येतो म्हणून, एकदाचं सविस्तर सांगते. प्रश्न असा: ‘देवाने शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट करून दिलं. न्याय झाला की! मग एवढा काथ्याकूट कशाला?’

ईयोब म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा नायक, नीतिमान आणि श्रीमंत. सैतान देवाशी जणू पैजच लावतो: याचं सगळं काढून घे, म्हणजे हा तुला शिव्याशाप देईल. देव परवानगी देतो, आणि ईयोबाची जनावरं, मुलं, सगळं जातं. आधी हिशेबच करू. पहिल्या अध्यायात ७००० मेंढरं, ३००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी. बेचाळिसाव्यात १४०००, ६०००, १००० आणि १०००. दुप्पट, बरोबर. मुलं मात्र आधी सात मुलगे, तीन मुली आणि नंतरही सात मुलगे, तीन मुलीच. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, पहिली दहा परलोकात आहेतच, तेव्हा बेरीज वीस. स्पष्टीकरण जुनंच आहे, पण ग्रंथात त्याला जागा नाही. सातव्या अध्यायात ईयोब म्हणतो, अधोलोकात उतरलेला वर येत नाही. चौदाव्यात म्हणतो, तोडलेल्या झाडाला पाण्याच्या नुसत्या वासाने धुमारे फुटतात, माणूस मात्र मेला की संपला. स्वर्गातलं बक्षीस नाही, पुनर्जन्मही नाही. त्यामुळे ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल’ ही आपली हुकमी पळवाटही बंद. जे फिटायचं ते याच आयुष्यात फिटायला हवं.

आणि दुप्पटच का? बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात कायदा आहे: चोरलेलं जनावर चोराकडे जिवंत सापडलं तर त्याने दुप्पट भरून द्यावं. लेखकाने हे मुद्दाम योजलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण भरपाईचा हा दर त्याच्या वाचकांच्या लक्षात आला नसेल, हेही पटत नाही.

बहुतेकांनी पहिला, दुसरा आणि शेवटचा अध्याय वाचलेला असतो. बेचाळीसपैकी तीन! मधली सगळी कविता राहून जाते, आणि मला ज्या वचनापाशी थांबायचंय ते तिथेच आहे: अध्याय ८, वचन ४.

त्याआधी एक तपशील. ईयोबाचे मुलगे आळीपाळीने आपापल्या घरी मेजवान्या करत, बहिणींनाही बोलावत. मेजवान्यांचा फेरा संपला की ईयोब भल्या पहाटे उठून एकेका लेकराच्या नावाने होमबली अर्पण करी. का? पोरांच्या हातून पाप झालं असेल, मनातल्या मनात त्यांनी देवाला शिव्याशाप दिले असतील, म्हणून. ‘असतील’ एवढंच. त्याने काही पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही. बापाची धास्ती, बस्स. मग एक दिवस थोरल्याच्या घरी सगळी जेवत असताना वाळवंटाकडून मोठा वारा येतो, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळतो, आणि दहाही मुलं त्याखाली जातात.

आता बिल्दद, ईयोबाचं सांत्वन करायला आलेल्या तीन मित्रांपैकी एक. दुष्ट माणूस नाही तो. सात दिवस सात रात्री मित्राशेजारी जमिनीवर गप्प बसलेला आहे. आपल्यातल्या किती जणांना ते जमेल? पण तोंड उघडल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय, तर तुझं बोलणं म्हणजे सोसाट्याचा वारा. ज्याची पोरं वाऱ्याने नेली त्याला हे! पुढे विचारतो, देव कधी न्याय वाकडा करील का? आणि लगेच चौथं वचन: तुझ्या मुलांनी त्याच्याविरुद्ध पाप केलं असेल, तर त्याने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं. त्या ‘असेल तर’चा आधार घेऊन बिल्ददाची वकिली करणारे भेटतात. करोत. देव चुकत नाही हे आधीच ठरलेलं, मुलं मेलेली समोर दिसतायत. मधल्या रिकाम्या जागेत पापाखेरीज दुसरं काय बसवणार? बापाच्या पहाटेच्या धास्तीवर त्याने निकाल देऊन टाकला. ईयोब यानंतर दोन अध्याय बोलतो, देवाशी खटला लढण्याची भाषा करतो, पण मुलांबद्दल अवाक्षर काढत नाही.

बिल्दद हे पदरचं बोलत नाही, तेही खरं. बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक त्याच्या पाठीशी आहे: धार्मिकाला परमेश्वर उपाशी ठेवत नाही. उलट उपदेशक हे दुसरं पुस्तक आपल्या आठव्या अध्यायात सरळ सांगून मोकळं होतं की धार्मिकांच्या वाट्याला दुष्टांचं फळ येतं आणि दुष्टांच्या वाट्याला धार्मिकांचं. एकाच परंपरेतले हे ग्रंथ, आणि त्यांचं आपसात जमत नाही.

देव तरी काय सांगतो? तोही वावटळीतूनच बोलतो, आणि सैतानाशी झालेल्या त्या पैजेचा उल्लेखही करत नाही. ईयोबाला ती शेवटपर्यंत कळत नाही. अडतीस आणि एकोणचाळीस हे अध्याय मात्र पिल्लांनी भरलेत: अन्नासाठी ओरडणारी कावळ्याची पिल्लं, वाढली की निघून जाणारी, परत न येणारी रानबकरीची करडं, जमिनीवर अंडी टाकून पिल्लांशी परक्यासारखी वागणारी शहामृगी, तिला अक्कल मीच दिली नाही, हे देवच सांगतो. हे सगळं दहा मुलं गमावलेल्या माणसाला! काहींना यात सांत्वन दिसतं. मला कधी दिसतं, कधी निव्वळ निर्दयपणा वाटतो.

पुन्हा तुमच्या प्रश्नाकडे. बिल्ददाने त्याच आठव्या अध्यायात आश्वासन दिलं होतं: तू शुद्ध असशील तर तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल. बेचाळिसाव्यात अक्षरशः तसंच होतं. म्हणजे ‘शेवटी मिळालं ना’ असं म्हणताना तुम्ही बिल्ददाचंच वाक्य म्हणता. आणि त्याच अध्यायात देव त्या तिघा मित्रांवर संतापतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत म्हणतो, होमबलीसाठी सात बैल आणि सात मेंढे आणायला लावतो. बिल्ददाचं भाकीत खरं, बिल्दद खोटा.

सुरुवातीची आणि शेवटची गद्य गोष्ट आधीची, कविता मागाहून मध्ये घातली, असं बरेच अभ्यासक मानतात. पूर्वी मी एवढं सांगून विषय मिटवत असे. आता मिटत नाही, कारण ज्याने कविता घातली त्याला शेवटही बदलता आला असता. त्याने तो ठेवला. का, ते मला नीट सांगता येत नाही.

आणि न्याय झालाच असेल, तर बेचाळिसाव्यातलं अकरावं वचनही वाचा. भाऊबहिणी, जुने ओळखीचे येतात, ईयोबाच्या घरी जेवतात, प्रत्येक जण काही पैसे आणि सोन्याची अंगठी देतो, आणि परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या सगळ्या अरिष्टाबद्दल त्याचं सांत्वन करतो. ‘परमेश्वराने आणलेल्या’ हे खुद्द निवेदकाचे शब्द आहेत. सैतानाचं त्या अध्यायात नावही नाही.