इनटेकला आटे पाडताना

बाबांच्या १९९८ च्या जिप्सीचा कार्ब्युरेटर काढून सिंगल पॉइंट इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी (हवेची झडप आणि तिच्यावर पेट्रोल उडवणारा एकच इंजेक्टर) बसवायचं ठरवलं, तेव्हा धास्ती होती ती वायरिंगची. वायरिंग दोन रविवारांत उरकलं. खरं अडलं ते एका भोकापाशी.

ईसीयू, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा छोटा संगणक, मेगास्क्वर्ट नावाचा. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाब, आरपीएम आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान यांवरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली याचा तो हिशेब करतो आणि त्या मापानं पेट्रोल सोडतो. हवा तापली की विरळ होते. २० अंशांची हवा ५० अंशांवर गेली, तर तेवढ्याच दाबाला ती सुमारे ९ टक्के कमी भरते. तापमान कळलंच नाही तर एप्रिलच्या दुपारी गाडी जास्त पेट्रोल पिणार आणि काळा धूर काढणार. म्हणून हा दोन वायरींचा छोटा सेन्सर मला हवाच होता.

तो लावायचा कुठं? मनात आधी मॅनिफोल्डच आला. पण या मॅनिफोल्डच्या पोटातून रेडिएटरचं गरम पाणी फिरतं. चुकीच्या जागी ड्रिल गेलं की पाणी थेट इनटेकमध्ये. शिवाय सिंगल पॉइंटमध्ये पेट्रोल वरूनच फवारलं जातं, त्यामुळे खाली बसवलेला सेन्सर ओला होऊन खऱ्यापेक्षा थंड आकडा दाखवेल. म्हणजे तो थ्रॉटलच्या आधी, कोरड्या हवेत हवा. भंगारातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव एल्बो, म्हणजे वाकडा पाइप, थ्रॉटलवर बसणार होता. त्याच्यावर ओतताना ठेवलेला, पण कधी ड्रिल न केलेला साधारण १४ मिलिमीटर जाडीचा बॉस, म्हणजे धातूचा जाड उंचवटा, सापडला. साध्या ३ मिलिमीटरच्या पाइपला एवढ्या जाड आट्याचे जेमतेम दोन फेरे मिळाले असते. बॉस बघून मला फार बरं वाटलं.

सेन्सर जनरल मोटर्सच्या धर्तीचा, ३/८ एनपीटी (अमेरिकी मापाच्या पाइपाच्या) आट्यांचा. ३/८ हे पाइपाचं नाव, आट्याचं माप नव्हे. बाहेरचा व्यास १७ मिलिमीटरच्या वर भरतो. उद्यमनगरातल्या एका दुकानात '३/८ चा पाइप टॅप' (भोकाला आतून आटे पाडायचं हत्यार) मागितला, त्यांनी दिला, मी घेऊन आलो. नशिबानं आधी अ‍ॅल्युमिनियमच्या एका रद्दी तुकड्यावर आटे पाडून बघितले. सेन्सर दोन फेरे गेला आणि अडकला. थ्रेड गेज लावल्यावर कळलं की टॅप बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश मापाचा आहे. आपल्याकडे नळाचं सगळं काम त्याच मापात चालतं, त्यामुळे नुसतं 'पाइप टॅप' म्हटलं की तोच हातात येतो. बीएसपीचे इंचाला १९ आटे आणि कोन ५५ अंश, एनपीटीचे १८ आणि ६० अंश. डोळ्याला फरक दिसत नाही. जोर लावून सेन्सर तसाच बसवला असता, तर पितळेचे आटे गेलेच असते आणि एल्बोही वाया गेला असता. एनपीटी टॅप मागवून यायला आठवडा लागला. तो आठवडा मला फार जड गेला.

भोक आमच्या गल्लीतल्या लेथवाल्या मामांच्या ड्रिल मशीनवर पाडलं. एल्बो क्लॅम्प करून आधी सेंटर पंच, मग ६, १० आणि शेवटी १४.५ मिलिमीटर. मामांनी एल्बो जागचा हलवू दिला नाही. ड्रिल काढून चकमध्ये टोकदार सळी धरली आणि तिचं टोक टॅपच्या मागच्या खड्ड्यात टेकवलं. मशीन बंद, टॅप हातानं फिरवायचा, वरची सळी त्याला सरळ धरून ठेवते. तिरका जाण्याची भीतीच राहिली नाही.

रॉकेल सोडत अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. मागं फिरवताना कीस तुटल्याची बारीक कट्ट हाताला कळते. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं होतं, बराचसा कीस त्यालाच चिकटला.

खरी परीक्षा इथं होती. एनपीटीचे आटे निमुळते असतात, १६ मिलिमीटर लांबीला व्यास १ मिलिमीटरनं वाढतो. टॅप जितका खोल जाईल तितकं भोक मोठं होत जातं. साध्या बोल्टसारखा टॅप आरपार काढला तर सेन्सर नुसता खुळखुळतो. मामा म्हणाले, "आटं दिसत्यात म्हणून खाली जाऊ नको. प्रत्येक फेऱ्याला सेन्सर लावून बघ." तसंच केलं. पहिल्यांदा तो हातानं दोनच फेरे गेला. टॅप अजून एक फेरा, पुसायचं, पुन्हा सेन्सर. असं तीनदा. हातानं चार फेरे जाऊन घट्ट व्हायला लागला तेव्हा टॅप बाजूला ठेवला. पान्यासाठी दीड-दोन फेरे उरायला हवे होते.

अ‍ॅल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, म्हणून एल्बो रॉकेलनं धुतला, हवा मारली, पांढऱ्या फडक्यानं आतून पुसला, पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा फडकं स्वच्छ निघालं. टेफ्लॉन टेप वापरला नाही, त्याचा तुकडा सुटून थ्रॉटलमध्ये जाऊ शकतो. पुढचे दोन आटे कोरडे ठेवून वर थोडं लिक्विड सीलंट, आणि पान्यानं दीड फेरा. हात अजून आवळायला बघत होता, पण ओतीव बॉसला चीर पडेल म्हणून थांबलो.

मीटर लावला. ३० अंशांना २२३८ ओहम यायला हवेत. गॅरेजातला थर्मामीटर ३० दाखवत होता आणि मीटरवर २२५० च्या आसपास आकडा. बाबांना हाक मारून दाखवला.

रविवारी गाडी शिरोली नाक्यापर्यंत नेली. गर्दीत थांबलो तेव्हा स्क्रीनवर ५८ अंशांपर्यंत चढलं, हायवेला लागल्यावर ३८ वर आलं. बॉनेटखालची तापलेली हवा इंजिन ओढतंय हे आजवर नुसतं ऐकलं होतं. आता एअर फिल्टरचा पाइप पुढच्या जाळीपर्यंत न्यायचं काम काढलंय.