शाळेचा नकाशा आणि लाल ठिपके

मुख्याध्यापकांची मागणी सरळ होती. आठवीची मुलं फार उद्धट झालीत, एकमेकांना नको ती नावं ठेवतात, त्यांना एक तासाचं व्याख्यान द्या. शाळांत सौजन्य आणि परस्पर आदर या विषयावर काम करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा अशीच मागणी येते. आम्ही व्याख्यान पुढे ढकललं आणि आधी एक दिवस नकाशासाठी मागून घेतला. अनादर हवेत होत नाही. त्याला जागा असते, वेळ असते, आणि बहुधा एखादी ठरलेली कामाची पद्धत असते, जिच्या आडोशाने तो रोज घडतो. ते सापडेपर्यंत 'नम्रतेने वागा' हे सांगणं कुणालाच लागू होत नाही, कारण प्रत्येकाला ते शेजारच्यासाठी आहे असं वाटतं.

तयारी साधी असते, पण ती नीट झाली नाही तर पुढचं सगळं वाया जातं. शाळेच्या प्रत्येक मजल्याची ढोबळ आकृती काढायची. जागांना मुलांच्या तोंडी असलेलीच नावं द्यायची : 'खालचे नळ', 'सायकल स्टँडची मागची बाजू', 'प्रयोगशाळेचा जिना'. कार्यालयीन नावं लिहिली की मुलं गोंधळतात आणि चुकीच्या जागी खूण करतात. बाजूला वेळेची पट्टी : १ शाळा भरण्याआधी, २ तास चालू असताना, ३ दोन तासांच्या मधे, ४ मधली सुट्टी, ५ शाळा सुटताना. प्रत्येकाला तीन लाल ठिपके आणि दोन हिरवे. लाल म्हणजे 'इथे माझा किंवा माझ्या डोळ्यांदेखत कुणाचा अपमान झाला', हिरवा म्हणजे 'इथे मला मोकळं वाटतं'. ठिपक्यात वेळेचा आकडा. नाव नाही, प्रसंग नाही. ठिपक्यांची संख्या बांधून द्यावीच लागते, नाहीतर रागावलेलं एखादं मूल अख्खा कागद लाल करतं आणि नेमकं काय बोचतं ते हरवतं.

मोठा नकाशा भिंतीवर लावून सगळ्यांनी एकदम टिकल्या चिकटवायच्या, असा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो टाळावा. पहिल्या दोन-तीन टिकल्या जिथे पडतात तिथेच बाकीच्या ओढल्या जातात, आणि ज्याच्या धाकाने टिकली लावायची तो मुलगा मागे उभा राहून बघत असतो. आम्ही प्रत्येकाला ए-४ आकाराची प्रत दिली. मुलं एक बाक सोडून बसली, सगळ्यांना एकाच प्रकारचं पेन, पंधरा मिनिटं, मग घडी घालून पेटीत. वर्गशिक्षक बाहेर. नंतर आम्हीच ते ठिपके ए-३ आकाराच्या एका नकाशावर उतरवले. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली : मार, धमकी, अंगाला नकोसा स्पर्श असं काही कळलं तर ते आम्ही गुप्त ठेवणार नाही, जबाबदार मोठ्या माणसापर्यंत नेऊ. 'तुम्ही सांगाल ते आमच्यातच राहील' असं वचन मुलांना कधीही देऊ नये. ते पाळता येत नाही आणि पाळू नयेच.

नकाशे चार प्रकारचे केले : विद्यार्थ्यांचे तुकडीवार, शिक्षकांचा, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा आणि शाळेत आलेल्या पालकांचा. ही विभागणी महत्त्वाची आहे. फक्त मुलांचा नकाशा काढला की शाळा आपोआप असं धरून चालते की बिघाड मुलांतच आहे.

मुलांच्या नकाशावर अपेक्षित जागा होत्याच. स्वच्छतागृहाबाहेर, जिन्यावर, मैदानाच्या कोपऱ्यात, बहुतेक ४ आणि ५ आकड्यांचे ठिपके. पण आठवीच्या तिन्ही तुकड्यांत सगळ्यात दाट पुंजका वर्गाच्या आत होता. शिक्षकांच्या टेबलाजवळ, आकडा २. म्हणजे तास चालू असताना, शिक्षक समोर असताना.

नकाशा फक्त जागा दाखवतो, कारण सांगत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून सहा-सहा मुलांचे गट केले आणि एकच प्रश्न विचारला : टेबलाजवळ काय होतं? 'कोण' हा प्रश्न विचारायचा नाही, तो विचारला की मुलं एकतर गप्प होतात किंवा चुगली करतात. तिन्ही तुकड्यांतून उत्तर एकच आलं. उत्तरपत्रिका वाटतात.

पद्धत अशी होती. गठ्ठा गुणांच्या उतरत्या क्रमाने लावलेला. पहिली काही नावं घेताना शाबासकी, मधली भराभर, आणि तळाशी आलं की वेग पुन्हा मंदावतो. शेवटच्या मुलाला टेबलापर्यंत चालत यावं लागतं. वर्गाला क्रम माहीत असतो, त्यामुळे नाव उच्चारण्याआधीच खसखस पिकलेली असते. पेपर हातात देताना एखादं वाक्य येतं. एका मुलाला 'या वेळीही भोपळाच का?' असं विचारलं गेलं होतं. मधल्या सुट्टीपर्यंत तो 'भोपळा' झाला. नळावर भोपळा, जिन्यावर भोपळा, मुलांच्या मोबाइलवरच्या गटात त्याच्या नावापुढे भोपळ्याचं चित्र. ज्या ४ आणि ५ च्या ठिपक्यांसाठी आम्हाला बोलावलं होतं, त्यातले कितीतरी टेबलापाशी उगम पावून बाहेर वाहत गेलेले होते.

हे करणारे शिक्षक दुष्ट नव्हते. मुलांत आवडते, तास न चुकवणारे, मुलाला जाग यावी म्हणून बोलणारे. नॉर्वेचे संशोधक डॅन ओल्वेयस यांनी छळाची जी तीन लक्षणं मांडली, हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता, त्यांत शिक्षकाचं एक वाक्य बसतही नाही. पण पुनरावृत्तीचं काम वर्ग करतो. मोठ्या माणसाने एकदा हसण्याची परवानगी दिली की पुढचे सहा महिने ती परवानगी वापरली जाते. शाळेतल्या सौजन्याबद्दल एवढी एक गोष्ट जरी शिक्षकखोलीत पटली, तरी निम्मं काम होतं असं माझं मत आहे.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा नकाशा त्याहून बोलका निघाला. जवळपास सगळे लाल ठिपके एकाच जागी : शिक्षकखोलीचं दार, मधली सुट्टी. चुटकी वाजवून बोलावणं, वयाने वडिलांएवढ्या शिपाईमामांना एकेरी हाक, सेविका मावशी फरशी पुसत असताना त्यावरूनच चालत जाणं आणि 'पुन्हा पुसा' म्हणणं. मुलं हे त्या दारातून बघतात. सातवीतला मुलगा मामांना 'ए, घंटा दे' म्हणतो तेव्हा त्याने ते कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नसतं. हिरवे ठिपके ग्रंथालयात होते. कारण विचारल्यावर एवढंच कळलं की तिथे आत गेलं की बसायला सांगतात.

शिक्षकांचे लाल ठिपके फाटकापाशी होते, शाळा सुटताना, पालकांच्या गर्दीत. आणि एका शिक्षिकेने विचारलं, 'फोन नकाशावर कुठे दाखवायचा?' पालकांच्या गटात रात्री शिक्षकांविषयी जे लिहिलं जातं त्याला इमारतीत जागा नव्हती. तेव्हापासून आम्ही नकाशाच्या कोपऱ्यात फोनसाठी एक रिकामा चौकोन ठेवतो. पालकांचा नकाशा छोटा होता : कार्यालयाची खिडकी, आतला माणूस मान वर करत नाही.

दुपारी चारही नकाशे शेजारी शेजारी लावले आणि शिक्षकांना पाच मिनिटं न बोलता बघायला दिले. ही बैठक फार सहज बिघडते. कुणीतरी 'हे कुणी लिहिलं असेल ते मला माहीत आहे' म्हणतं, आणि तिथून ती चौकशी होते. म्हणून मुख्याध्यापकांशी आदल्या दिवशीच लेखी ठरवून घेतलं होतं : कोणत्याही तुकडीचं किंवा विषयाचं नाव निघणार नाही, कुणालाही खुलासा मागितला जाणार नाही, मूळ कागद आमच्याकडेच राहतील. एका शिक्षकांनी जरा वैतागून विचारलं, 'मग कमी गुण मिळालेल्याला सांगायचंच नाही का?' प्रश्न रास्त होता आणि बैठकीचा बाकीचा वेळ त्यावरच गेला. सांगायचं, पण कामाबद्दल आणि एकट्याला. 'दुसऱ्या पायरीत चिन्ह बदललं नाहीस, तिथून गणित घसरलं' हे मुलाला दुरुस्त करता येतं. 'तुला काही येत नाही' हे दुरुस्त करता येत नाही, त्यात फक्त मान खाली घालता येते.

उत्तरपत्रिका वाटण्याची नवी पद्धत त्याच बैठकीत ठरली. गठ्ठा हजेरीपटाच्या क्रमाने. गुण पहिल्या पानावर न लिहिता आतल्या पानावर, आणि हे सगळ्यांच्याच बाबतीत. फक्त कमी गुणांचे पेपर दुमडून दिले तर दुमडलेला कागद हीच नवी खूण होते. मुलं लेखी काम करत असताना शिक्षकांनी स्वतः बाकापाशी जाऊन पेपर द्यायचा. वर्गप्रमुखाला वाटायला द्यायचा नाही, त्याला सगळ्यांचे गुण कळतात आणि मग सगळ्यांना कळतात. मुलांनी आपापसांत गुण सांगितले तर हरकत नाही, तो त्यांचा निर्णय. ज्यांना मदत हवी त्यांच्याशी दोन दिवसांच्या आत, टेबलाशी नव्हे तर खिडकीपाशी किंवा व्हरांड्यात, इतरांच्या नजरेत पण कानांपासून दूर, तीन-चार मिनिटं बोलायचं.

फळ्याजवळही लाल ठिपके होते. प्रश्न विचारून शिक्षक किती थांबतात याचा अभ्यास अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी केला होता आणि सरासरी साधारण एक सेकंद निघाली होती. एका सेकंदात उत्तर आलं नाही की वर्गातून दुसरा ओरडतो आणि फळ्यापाशी उभा असलेला हास्यास्पद ठरतो. तीन सेकंद थांबायचं, मनात मोजून. सुरुवातीला ही शांतता शिक्षकांनाच सोसत नाही.

हसणाऱ्यांचं काय करायचं, हा भाग मुलांसाठी होता. टोरंटोतल्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून झालेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के, छळ १० सेकंदांत थांबत होता. पण म्हणून मुलांना शूर व्हा असं सांगू नये, त्यात मार खाण्याची शक्यता असते. आम्ही तीन वाटा देतो आणि ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यावी. थोडक्यात थांबवणं : 'बस, पुरे.' बाजूला नेणं : 'चल, तुझ्याकडे काम आहे.' किंवा मोठ्यांना सांगणं. वाक्यं छोटी हवीत आणि ती मोठ्याने म्हणून सराव व्हायला हवा, आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, तोंडात बसलेले असावे लागतात.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी सुचवलं की 'भोपळा' हे नाव पसरवणाऱ्या मुलाने उद्या प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागावी. आम्ही ठाम नाही म्हणालो. चारचौघांत वदवून घेतलेली माफी दोघांचाही पाणउतारा करते, आणि ज्यांना ते नाव माहीत नव्हतं त्यांनाही ते कळतं. दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणणं त्याहून वाईट, कारण बळ सारखं नसताना दुबळ्याला होकारच द्यावा लागतो. आधी ज्याला लागलं त्याच्याशी एकट्याशी बोलायचं. काय झालं, त्याचा तुझ्यावर काय परिणाम झाला, आता काय झालं तर बरं वाटेल, आणि समोरासमोर भेटायचं आहे का? मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं म्हणणं ऐकून घेतलं जावं, हा बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातला, कलम १२ मधला, हक्क आहे. तो शाळेने कृपा म्हणून द्यायचा नसतो.

मुलगा म्हणाला, भेटायचं नाही. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या : गटातलं ते चित्र काढून टाकावं आणि त्याची जागा मागच्या बाकावरून बदलावी. माफीचा विषय त्याने काढलाही नाही. दुसऱ्या मुलाशी वेगळं बोलणं झालं. काय झालं, तेव्हा तुझ्या मनात काय होतं, कुणाकुणाला झळ बसली, आता तू काय करू शकतोस? त्याने चित्र काढलं आणि गटात ते नाव पुन्हा वापरायचं नाही असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं. आम्ही मजकूर सांगितला नाही, फक्त पाठवण्याआधी त्यात दुसऱ्याचं नाव नाही ना, एवढं पाहिलं.

असा नकाशा सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा काढायचा असतो, तशाच कोऱ्या कागदांवर, त्याच सूचनांनी. ठिपके एकूण वाढले तर घाबरू नये. पहिल्या वेळी ज्यांनी भीतीने कोरा कागद टाकला होता ते दुसऱ्या वेळी लिहू लागतात. पाहायचं असतं ते पुंजक्यांकडे. या शाळेत टेबलाजवळचा पुंजका विरळ झाला होता आणि शिक्षकखोलीच्या दारातला जवळजवळ नाहीसा. प्रयोगशाळेच्या जिन्यावरचा मात्र जागच्या जागी होता, आकडा ५. वेळापत्रक काढून पाहिलं तर शाळा सुटताना त्या जिन्यावर कुणाचीच देखरेख नव्हती आणि दोन मजल्यांवरच्या सहा तुकड्या एकाच वेळी तिथून उतरत होत्या. पुढच्या सोमवारपासून वरचा मजला पाच मिनिटं आधी सोडायचा आणि जिन्याच्या वळणावर एक शिक्षक उभा करायचा, असं ठरलं.